एपी गव्हर्नमेंटचं जाडजूड प्रेप बुक: घ्यावं का, आणि घेतलंच तर वापरायचं कसं

लेक बारावीत आहे, एपी यूएस गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स घेतलंय (एपी म्हणजे शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, हा अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा), परीक्षा मे महिन्यात. शाळेतले सर शिकवतात छान पण प्रत्येक विषयावर वर्गात वादविवाद रंगतात आणि सिलॅबस तिथेच राहतो, त्यामुळे पाचवं युनिट वेळेत होईल अशी लक्षणं दिसेनात म्हणून प्रेप बुक, म्हणजे परीक्षेच्या तयारीचं पुस्तक, मागवलं, वीसेक डॉलरचं. नाव लिहीत नाही, कारण ही पुस्तकं सगळी एकाच साच्यातली असतात, आधी एक डायग्नोस्टिक टेस्ट, मग युनिटप्रमाणे धडे, शेवटी पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट, त्यामुळे खाली लिहिलंय ते थोड्याफार फरकाने बाकीच्यांनाही लागू पडेल. मैत्रिणीच्या मुलीची जुनी आवृत्तीही घरात होती, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघता आल्या.

आधी चांगलं सांगते. एमसीक्यूसाठी, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायच्या प्रश्नांसाठी, पुस्तक खरंच कामाचं आहे. परीक्षेत 55 प्रश्न, 80 मिनिटं, आणि अर्धे मार्क याच भागाचे. पुस्तकात प्रत्येक उत्तराखाली बाकीचे तीन पर्याय का चूक तेही लिहिलंय, हे मला फार आवडलं, कारण पोरांची गाडी नेहमी शेवटच्या दोन पर्यायांतच अडते. फेडरलिस्ट 10 आणि ब्रूटस 1, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने आणि विरोधात त्या काळी लिहिलेले दोन लेख, समोरासमोरच्या पानांवर छापलेत तेही झकास. फेडरलिस्ट 10 लिहिणारा मॅडिसन म्हणतो देश मोठा असला की गट इतके होतात की कुणा एकाला बाकीच्यांवर दादागिरी करता येत नाही, ब्रूटस म्हणतो एवढ्या मोठ्या देशात निवडून दिलेला माणूस लोकांपासून तुटणार आणि नेसेसरी अँड प्रॉपर क्लॉजच्या (काँग्रेसला गरजेचे आणि योग्य ते कायदे करायची मुभा देणाऱ्या कलमाच्या) जोरावर केंद्र राज्यांना गिळणार. हे दोघं एकदा असे आमनेसामने वाचले की फेडरलिझमचा, म्हणजे केंद्र आणि राज्यांतल्या अधिकारवाटपाचा, अर्धा धडा तिथेच संपतो.

आता रडगाणं. एफआरक्यू. म्हणजे उत्तर स्वतः लिहायचे चार प्रश्न, 100 मिनिटं, उरलेले अर्धे मार्क, आणि पुस्तकात त्याला मोजकी पानं! तीही 'टाइम मॅनेज करा, अक्षर नीट काढा' छापाची. अक्षर? 2025 पासून ही परीक्षा पूर्ण डिजिटल झालीय, ब्लूबुक नावाच्या परीक्षेच्या ॲपवर, पोरं टाईप करतात. मुखपृष्ठावर नवीन साल घालायचं आणि आत जुनाच मजकूर ढकलायचा असला हा प्रकार. अजून एक, 2022 ला सुप्रीम कोर्टाच्या डॉब्ज निकालाने गर्भपाताच्या हक्काचा रो विरुद्ध वेड हा जुना निकाल उलटला, त्यानंतर या कोर्ससाठी सक्तीच्या सुप्रीम कोर्ट खटल्यांची यादी 15 वरून 14 वर आली. यांनी पुस्तकाच्या पुढच्या भागातल्या यादीतून रो काढलाय पण मागच्या प्रॅक्टिस टेस्टमध्ये तो सक्तीचा खटला म्हणून तसाच बसलाय. जुन्या आवृत्तीशी ताडून बघितलं तर तो प्रश्न शब्दन् शब्द तोच.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे पुस्तक माहिती देतं, आणि परीक्षा माहितीवर थांबत नाही. आम्ही अमेरिकेची सिटिझनशिप घेतली तेव्हा 100 प्रश्नांची यादी पाठ करायची, त्यातले जास्तीत जास्त 10 विचारायचे, 6 बरोबर आले की काम फत्ते. सेनेटर किती? 100. पुढे चला. इथे ते माहीत आहे असं धरूनच प्रश्न सुरू होतो, की सेनेटमध्ये बहुतेक कायद्यांवरची चर्चा थांबवायला 60 मतं लागतात पण फेडरल न्यायाधीशाच्या नेमणुकीला साधं बहुमत पुरतं, मग अध्यक्षाची छाप जास्त काळ कुठे टिकते आणि का? यातलं 'का' पुस्तकात फार कमी ठिकाणी सापडतं.

खटल्यांच्या तुलनेचा प्रश्न तर नमुनाच आहे. त्यात यादीबाहेरचा एक खटला देतात, त्याची माहितीही देतात, आणि तो यादीतल्या एकाशी जोडायला सांगतात. समजा टाउन ऑफ ग्रीस आला, 2014 चा, गावच्या बैठकीआधी प्रार्थना म्हणायचे तो. जोडीला एंगल विरुद्ध विटाल, 1962, शाळेतली प्रार्थना. दोन्हीकडे मुद्दा इस्टॅब्लिशमेंट क्लॉजचा (सरकारने कुठलाही धर्म सरकारी करू नये हे कलम), इथपर्यंत पुस्तक नेतं. पण एकीकडे कोर्ट नाही म्हणालं आणि दुसरीकडे चालेल म्हणालं ते कशामुळे? शाळेत सरकारनेच प्रार्थना लिहून दिली होती आणि समोर मुलं होती, बैठकीत मोठी माणसं, नको असेल तर उठून बाहेर जाऊ शकणारी, शिवाय अशी प्रार्थना करायची परंपरा जुनी. मार्क या फरकात आहेत! पुस्तकात मात्र प्रत्येक खटल्याला एक चौकट, त्यात साल, निकाल, क्लॉज, संपलं. लेकीने 14 च्या 14 चौकटी घडाघडा पाठ केल्या आणि पहिल्याच तुलनेला अडकली.

आर्ग्युमेंट एसेचं, म्हणजे आपली बाजू मांडायच्या निबंधाचंही तेच. 6 गुणांचा प्रश्न, त्यात 3 नुसते पुराव्याचे, एक विरुद्ध बाजूला उत्तर देण्याचा. पुस्तकातला नमुना निबंध वाचायला सुरेख आहे पण कुठल्या वाक्याला कुठला गुण पडला ते कुठेच दाखवलेलं नाही, मग मुलीने त्यातून शिकायचं तरी काय.

आणि गंमत म्हणजे जे इथे नाही ते फुकट मिळतं. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे एफआरक्यू आहेत, गुण कसे दिले त्याची गाइडलाइन आहे आणि खऱ्या मुलांची उत्तरं गुणांसकट आहेत. पूर्ण गुणांचं उत्तर बाजूला ठेवा, अर्धवट गुणांचं आधी वाचा, कुठे निसटलं ते चटकन दिसतं. धडे समजायला खान अकॅडमीचा कोर्सही फुकट आहे. कोर्सला सक्तीची 9 ऐतिहासिक कागदपत्रं तर कुठेही सापडतात, त्यातलं मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅम जेलमधलं पत्र तरी सारांशावर भागवू नका, मूळ वाचा, मी स्वयंपाक सोडून वाचत बसले होते.

तर पाचपैकी तीन स्टार, तेही एमसीक्यूच्या जिवावर. वर्गात युनिटं मागे पडली असतील, खासकरून दुसरं, काँग्रेस-अध्यक्ष-कोर्टवालं, ज्याला सगळ्यात जास्त वजन आहे, तर घ्या. शाळेतलं व्यवस्थित चाललं असेल तर लायब्ररीतून आणा, प्रॅक्टिस टेस्ट सोडवा आणि परत करा. सेकंडहँड घेत असाल तर आधी खटल्यांची यादी बघा, रो दिसला तर आवृत्ती जुनी. आणि टेस्ट कागदावर सोडवली तरी एफआरक्यू मात्र कीबोर्डवरच, घड्याळ लावून. ब्लूबुकमध्ये सरावाचा प्रीव्ह्यू आहे, तो परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.