स्पोर्ट टूरिंग गाडीचे टायर बदलताय? स्टँडर्ड, जीटी की स्पोर्ट

स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाला बांधलेल्या वेगवान मोटरसायकलला नवा टायर निवडायच्या आधी जुना नीट बघा. तुम्हाला काय लागतं ते त्यावर आधीच उमटलेलं असतं. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या आणि मागच्या टायरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. मधला दोन-तीन इंचांचा भाग पट्टीला सपाट चिकटत असेल आणि कडेच्या खाचा नव्यासारख्या खोल असतील, तर तुमचे बहुतेक किलोमीटर सरळ हायवेवर जातात. मध्ये नक्षी शिल्लक आहे, पण कडेला रबर खरवडून त्याच्या गोळ्या झाल्यात, तर तुम्ही घाटवाले. बहुतेकांचा टायर पहिल्या प्रकारचा निघतो, मग मालक स्वतःबद्दल काहीही सांगो.

पुढच्या टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने दातेरी लागत असेल, तर हवा कमी ठेवली जाते, फोर्कचं डॅम्पिंग (पुढच्या सस्पेन्शनची धक्के जिरवायची ताकद) ढिलं पडलंय किंवा पुढचा ब्रेक सतत जोरात लागतो. ही गोष्ट आधी निस्तरा. नाहीतर कुठल्याही कंपनीचा टायर घातला तरी काही हजार किलोमीटरांत तेच दाते आणि तोच गुरगुरणारा आवाज परत येणार.

खरी निवड ब्रँडची नसून प्रकाराची असते: स्पोर्ट, स्पोर्ट टूरिंगचा स्टँडर्ड, की जड गाड्यांसाठी बांधलेला जीटी. आकडे ढोबळ आहेत. वजन, रस्त्याचं डांबर आणि थ्रॉटल देणारं मनगट यांवर ते बरेच खालीवर होतात.

| | स्पोर्ट | स्पोर्ट टूरिंग स्टँडर्ड | स्पोर्ट टूरिंग जीटी |
|---|---|---|---|
| मागच्या टायरचं आयुष्य | ४ ते ७ हजार किमी | ८ ते १४ हजार किमी | जड गाडीवर साधारण तेवढंच |
| थंड किंवा ओला रस्ता | गरम होईपर्यंत जपून | सुरुवातीपासून भरवशाचा | जड गाडीवर भरवशाचा |
| हँडलिंग | चपळ, कोरड्यात सर्वांत जास्त पकड | चपळ पण शांत | वजनासकट स्थिर |
| चुकीच्या गाडीवर | मध्ये लवकर सपाट होतो | जड गाडीखाली लुसलुशीत, डुलतो | हलक्या गाडीवर कडक, दणके देतो |

स्पोर्ट टायरचा निकाल पटकन लावता येतो. ट्रॅक डे (रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवणं) करत नसाल आणि गाडीला सामानाचे बॉक्स लागत असतील, तर तो घेऊ नका. त्याचं रबर तापलं की खरं काम करतं. सकाळच्या गारठ्यात किंवा पावसात ते तापतच नाही. उलट टूरिंग टायरच्या रबरात सिलिका भरपूर असते, ते कमी तापमानालाही लवचिक राहतं. रस्त्यावर जेवढी गाडी झुकवली जाते तेवढ्याला आजचे स्पोर्ट टूरिंग टायर आरामात पुरतात.

स्टँडर्ड की जीटी, इथे मात्र थांबून विचार करा. दोन्हींवरचे आकडे बहुतेक वेळा सारखेच असतात. १८०/५५ झेडआर १७ (रुंदी १८० मिमी, उंची तिच्या ५५ टक्के, रिम १७ इंची) चा लोड इंडेक्स, म्हणजे किती वजन पेलतो त्याचा क्रमांक, ७३, म्हणजे ३६५ किलो. १२०/७० झेडआर १७ चा ५८, म्हणजे २३६ किलो. त्यापुढे वेगाचं अक्षर डब्ल्यू असतं, म्हणजे ताशी २७० किमीपर्यंत. मग फरक कुठे? सांगाड्यात, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या बांधणीत. जीटीचा सांगाडा जास्त कडक बांधलेला असतो, त्यामुळे जड गाडी ब्रेकखाली किंवा वळणात दाबली गेली तरी टायर कमी मुरडतो आणि कमी तापतो.

यामाहा एफजेआर १३००, कावासाकी कॉनकोर्स १४, बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी अशा गाड्यांना जीटी घ्या, दोघं बसत असाल तर नक्कीच. ट्रेसर ९, निंजा १००० एसएक्स, आर १२५० आरएस, व्हीएफआर ८०० यांना एकट्याने किंवा अधूनमधून सामानासह चालवायला स्टँडर्ड बरा. ‘जड तेवढं मजबूत, मजबूत तेवढं चांगलं’ म्हणून हलक्या गाडीला जीटी घालणारे बरेच असतात. त्यांना प्रत्येक खड्डा हँडलमध्ये कळतो आणि टायर नीट गरम व्हायला वेळ लागतो.

दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, कारण जीटीची खूण प्रत्येकाची वेगळी. मिशलिन रोड ६, ब्रिजस्टोन टी ३२ आणि कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४ यांच्यात सरळ ‘जीटी’ लिहिलेलं असतं. पिरेली एंजल जीटी २ मध्ये नावातच जीटी आहे, पण तो स्टँडर्ड टायर. जड गाडीचा हवा असेल तर त्यापुढे ‘ए’ बघा. हा गोंधळ अगदी नेहमीचा. मेट्झेलर रोडटेक ०१ ला ‘एचडब्ल्यूएम’ अशी खूण असते.

आता ब्रँड. या वर्गात वाईट टायर जवळजवळ उरलेला नाही. फरक आहे तो बांधणीच्या विचारात.

मिशलिनच्या मागच्या टायरला मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर असतं, आणि कडक रबर मऊ रबराच्या खालूनही पसरलेलं असतं. त्यामुळे झुकलेल्या गाडीला थ्रॉटल दिला तरी कडा मुरडत नाही. रोड ५ पासून त्यांच्या बारीक चिरा खोलवर रुंद होत जातात, म्हणजे टायर घासला तरी पाणी काढायची ताकद टिकते. पावसाळी रस्त्यांवर खूप फिरणाऱ्याने रोड ६ आधी बघावा.

कॉन्टिनेंटलने उलटा रस्ता धरला. एकच रबर, पण तापवण्याच्या प्रक्रियेतून मध्ये कडक आणि कडेला हळूहळू मऊ केलेलं. दोन रबरांचा जोडच नाही, त्यामुळे गाडी सरळवरून वळणात झुकताना मध्येच काही बदलल्यासारखं वाटत नाही. नव्या टायरचा पृष्ठभागही मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. घाट जास्त आणि हायवे कमी असेल तर रोडअटॅक ४ आमच्या यादीत वर येतो.

एंजल जीटी २ च्या मधोमध दोन लांब समांतर खाचा आहेत. तो वळणात चटकन पडतो. ब्रिजस्टोन टी ३२ च्या खाचा रुंद-अरुंद-रुंद अशा जातात, पाणी वेगाने बाहेर ढकलण्यासाठी. डनलॉपचा रोडस्मार्ट ३ आयुष्याच्या बाबतीत नावाजलेला, पण कडक. खराब रस्त्यावर तो सोसावा लागतो. यांपैकी तुमच्या साइजमध्ये ताजा मिळतो तो घ्या, उगाच महिनाभर वाट बघू नका.

साइजचा मोह वेगळाच. १९०/५० च्या जागी १९०/५५ घालायची फॅशन आहे. गणित करा: १९०/५० चा व्यास सुमारे ६२२ मिमी, १९०/५५ चा ६४१. मागची बाजू साधारण साडेनऊ मिमी वर जाते, पुढच्या फोर्कचा कोन थोडा उभा होतो आणि गाडी चपळ वाटते. पण मागच्या चाकाचा वेग पुढच्याच्या तुलनेत तीन टक्क्यांनी बदलतो, आणि एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल (ब्रेकखाली किंवा थ्रॉटलला चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणा) नेमकी हीच तुलना करत असतात. मडगार्ड आणि चेन गार्डपाशी जागाही कमी होते. १८० च्या रिमवर, म्हणजे साडेपाच इंचांवर, १९० चढतो खरा, पण तो चिमटला जाऊन मधला भाग उंच होतो. मॅन्युअलमध्ये जो आकार आहे तोच ठेवा. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस प्लाय (तिरप्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचा टायर) तर नकोच.

जोडीने बदलायचे की एकच? साधारण तीन मागच्या टायरांमागे दोन पुढचे संपतात. पुढचा निम्म्याहून जास्त शिल्लक आणि दातेरी नसेल, तर त्याच मॉडेलचा फक्त मागचा घाला. पुढचा एका कंपनीचा आणि मागचा दुसरीचा असं मात्र टाळा. दोन्हींची गोलाई जुळत नाही आणि गाडी वळणात एक तर ढकलावी लागते, नाहीतर अचानक पडते. खाचांच्या तळाशी असलेल्या, झीज दाखवणाऱ्या टीडब्ल्यूआय पट्ट्या रबराच्या पातळीला येईपर्यंत थांबू नका. पावसातली पकड त्याच्या बरीच आधी जाते.

विकत घेताना साइडवॉलवर ‘डॉट’ने (डीओटी) सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नीट साठवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर सवलतीत मिळत असेल तर खुशाल घ्या. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी, आणि दहाव्या वर्षी नक्षी शिल्लक असली तरी टायर काढून टाकायचा.

बसवताना उभे राहून बघा. बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना? रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर. रबरी व्हॉल्व्ह दर वेळी नवा. हवेचा सेन्सर असेल तर तो कुठे आहे हे आधीच सांगा. टायर लिव्हर नेमकी त्यावरच जाते. बीड (टायरची रिमवर बसणारी कड) बसवायला त्यासाठीचं वंगण किंवा साबणाचं पाणी वापरा, तेल-ग्रीस नाही. जुनी वजनं काढून दोन्ही चाकं बॅलन्स करून घ्या, मागचंही. चाक परत लावलं की अ‍ॅक्सल मॅन्युअलच्या टॉर्कला, चेनचा ताण तपासलेला, आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेक लिव्हर दोन-चारदा दाबून पॅड डिस्कला टेकवलेले. हे शेवटचं विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोराचा ब्रेक, एकदम थ्रॉटल आणि खोल झुकाव टाळा. झुकाव हळूहळू वाढवत न्या. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर घासून जायला आणि सांगाडा रिमवर नीट बसायला तेवढं अंतर लागतं.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. या वर्गात पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय हे नेहमीचे आकडे. तुमच्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर वेगळे असतील तर तेच धरा. अर्धा तास चालवून लगेच मोजा. ४२ चे ४६ च्या आसपास झाले, म्हणजे दहा टक्के वाढ, तर बरोबर. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर थंडपणी हवा कमी आहे. फारशी वाढलीच नाही तर जास्त. ‘आराम मिळतो’ म्हणून मागे ३४ ठेवून सामान लादलं, तर टायर वाजवीपेक्षा तापतो आणि मध्याच्या दोन्ही बाजूंनी घासत जातो. मग दोष कंपनीला दिला जातो.