व्हिटॅमिनचं सलाईन: काही महिन्यांचा अनुभव आणि ग्लुकोमीटरचा घोळ

व्हायरल जाऊन महिने उलटले तरी थकवा हटत नाही, जरा जास्त काम केलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं, अशांना थकव्यासाठी शिरेतून देतात त्या या सलाईनमध्ये काय असतं ते ठाऊकच असेल. व्हिटॅमिन सी, बी-कॉम्प्लेक्स, बी12, मॅग्नेशियम. त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. परवा सलाईन घेऊन घरी आले, बोट टोचलं, तर मीटरवर साडेतीनशेच्या वर! तहान नाही, वारंवार लघवी नाही. इन्सुलिनचं पेन हातात होतं, पण खटकलं म्हणून आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. तिथे साखर नेहमीइतकीच. शिरेतून व्हिटॅमिन सीचा मोठा डोस गेला की रक्तातलं त्याचं प्रमाण गोळ्यांनी कधीच गाठता येणार नाही इतकं वाढतं, आणि काही मीटरच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज धरतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं असतं तर साखर कोसळून जिवावर बेतलं असतं. सलाईन देणाऱ्या सेंटरच्या फॉर्मवर मी मधुमेह लिहिला होता, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. जी6पीडी या लाल रक्तपेशींतल्या एन्झाइमची तपासणीही नाही. ते एन्झाइम कमी असेल तर सीच्या मोठ्या डोसने लाल पेशी फुटतात. मुतखड्याचा त्रास आहे का, हेसुद्धा विचारलं नाही.

गुण आला का? सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते, घ्याच. एक-दोन दिवस खरंच हलकं वाटायचं. आता तितकं ठामपणे म्हणणार नाही, कारण सलाईनच्या दिवशी मी कामाला हातच लावत नसे, त्यामुळे विश्रांतीचा गुण किती नि बाटलीचा किती, कसं ठरवणार? मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्यांचं पाठबळही या उपचाराला अजून नाही. माझं बी12 मात्र खरोखर कमी होतं, ते साध्या गोळ्यांनीही भरून आलं असतं. लघवी गर्द पिवळी होते ती बी2 मुळे, म्हणजे जास्तीचं बाहेर पडतं. पैसेही त्याच वाटेने जातात, हे मला फार लागतं.

नर्स मात्र चांगली होती. मॅग्नेशियमने अंगभर गरम लाट आली की लगेच थेंब कमी करायची.

मधुमेह असेल तर सलाईननंतर पट्टीच्या आकड्यावर इन्सुलिन ठरवू नका, लॅबचा रिपोर्ट घ्या. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनीही त्याच्या माहितीपत्रकात व्हिटॅमिन सीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.