पीसीचं घड्याळ मागे पडतंय: सेल बदलायचा की नेटवरून वेळ जुळवायची?

आधी घड्याळ कधी मागे पडतं ते बघा. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सकाळी तारीखच जुनी दिसली, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत घड्याळाला एसएमपीएसची (पीसीला वीज देणाऱ्या डब्याची) स्टँडबाय वीज मिळते, म्हणून हा दोष लपून राहतो. सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) शंभराच्या आत मिळतो. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दिसला की बदलाच. प्लग काढा, बाजूची क्लिप दाबा, नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेळ आणि बूट क्रम, म्हणजे पीसी आधी कोणत्या डिस्कवरून सुरू होतो ते, तपासा.

पीसी चालू असतानाच वेळ सरकत असेल, तर नवा सेल टाकून काही होत नाही. तिथे विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ कामाचं. नागपूरच्या उन्हाळ्याला उगाच दोष देऊ नका: पंचेचाळीस अंशांतही घड्याळाची लय ठरवणारा क्रिस्टल दिवसाला साधारण सेकंदभरच मागे पडतो.

सिंकने मेलेला सेल फक्त झाकला जातो. नेट लागेपर्यंत तारीख चुकीचीच, आणि ब्राउझर वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटच्या नावाने बोंबलतो. बरोबर साडेपाच तासांचा फरक? विंडोजसोबत लिनक्सही टाकलंय का बघा; ते पीसीचं घड्याळ जागतिक वेळेवर (यूटीसी) ठेवतं. नसेल तर टाइम झोन तपासा.