प्रवाळात नांगर टाकताना: सगळी साखळी की साखळी आणि दोर?

दहा मीटरच्या शिडाच्या नौकेला ८ मिमी साखळी पुरते. तिचं वजन मीटरला साधारण १.४ किलो, म्हणजे ६० मीटरचे ८४ किलो थेट नाळेवर, नौकेच्या पुढच्या टोकावर. समोरच्या लाटांत नौका जास्त डुचमळते, हा तिचा खरा तोटा. १५ मीटर साखळी आणि पुढे १४ मिमी नायलॉनचा दोर घेतला, तर हा भार बराच घटतो.

पण प्रवाळाच्या धारेवर ताणलेला दोर एका रात्रीत झिजून तुटू शकतो. म्हणून प्रवाळात सगळी साखळीच हवी.

लांबीतही फरक पडतो. खोली ८ मीटर, भरती २, नाळेची उंची १, एकूण ११. सगळी साखळी असेल तर याच्या पाचपट सोडायची, म्हणजे ५५ मीटर. दोर असेल तर सातपट, म्हणजे ७७. अरुंद खाजणात नांगराभोवती एवढा घेर घ्यायला जागा कुठून आणणार?

साखळीचाही धोका आहेच. वारा फिरला की ती प्रवाळाच्या गाठीला वेढा घालते, मोकळी लांबी संपते आणि लाटेगणिक जबर हिसके बसतात. उपाय: ८-१० मीटर नायलॉनचा लवचीक दोर साखळीला जोडून ताण त्यावर घ्यावा. नांगर वाळूतच टाकावा, आणि त्यापासून १५ मीटर पुढे साखळीला दर ५-६ मीटरवर तरंगता गोळा बांधावा. साखळी तळापासून उचललेली राहते, प्रवाळही वाचतं. वाळूचे फिकट डाग ऊन डोक्यावर असतानाच नीट दिसतात.