थंडीतलं बीफ स्ट्यू: वाइनचं की बिअरचं?

कडाक्याच्या थंडीत मंद आचेवर तासन् तास रटरटणाऱ्या बीफला तोड नाही. प्रश्न एवढाच, की फ्रान्समधल्या बर्गंडीचं ‘बफ बुर्गिन्यों’ करायचं की बेल्जियमचं ‘कार्बोनाद’?

मांस दोन्हींत खांद्याकडचंच घ्यावं. त्यातला चिवटपणा अडीच-तीन तासांत विरघळतो आणि रस्सा अंगचाच दाट होतो. बुर्गिन्योंत रेड वाइन, बेकनचे तुकडे, छोटे अख्खे कांदे आणि मश्रूम. पण मश्रूम सुरुवातीलाच भांड्यात ढकलू नका, लिबलिबीत होतात. वेगळ्या पॅनमध्ये मोठ्या आचेवर लोण्यात परता. आधी भरपूर पाणी सुटतं. ते आटलं की चरचर आवाज येतो आणि कडा तांबूस होतात. तेव्हा कुठे उतरवायचे, आणि स्ट्यूत अगदी शेवटी घालायचे.

कार्बोनादला एवढा व्याप नाही. ढीगभर कांदा, गडद बिअर, वर मोहरीची पेस्ट लावलेला पाव, जो विरघळून रस्सा घट्ट करतो. चव गोडसर-कडवट, सोबत फ्राइज (हे मात्र झकास!). मश्रूम मुळात त्यात नसतातच, घातले तरी बिअरपुढे फिके पडतात.

मश्रूमसाठीच करत असाल, तर वाइनचंच करा. आणि शक्यतो आदल्या दिवशी; मुरलं की जास्त छान लागतं.