बी-२७५ चा गव्हर्नर: दोन डायफ्राम आणि वीतभर नळी, आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीला आमचा बी-२७५ ट्रॅक्टर एकदम फुल रेस झाला. मशीनजवळ चार माणसं होती. हात ॲक्सिलेटर मी पार खाली आणला तरी आवाज चढतच होता, सायलेन्सरमधून काळा लोट निघत होता आणि मळणी यंत्राच्या चाळण्या अशा थडथडत होत्या, की काहीतरी सुटून कुणाच्या तरी अंगावर येणार असंच वाटलं. स्टॉपची वायर ओढली तेव्हा इंजिन बसलं. ती वायर जाम असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री झोपू देईना. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: ज्यांच्याकडे हा जुना ट्रॅक्टर चालू आहे, त्यांनी स्टॉपची वायर आजच ओढून बघा. पार शेवटपर्यंत आली पाहिजे आणि सोडल्यावर मोकळी परत गेली पाहिजे.

आमचं मॉडेल १९७३ चं, आबांनी घेतलेलं. कागल तालुक्यात आमच्या शिवारात या गाडीनं किती नांगरट केली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, मायकोचा डिझेलचा लाइन पंप, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. पण या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, वजनांवर चालत नाही, हवेवर चालतो. हल्लीच्या बहुतेक फिटरांना ते ठाऊक नसतं आणि माझे चार महिने त्यातच गेले.

तालुक्याच्या गावच्या पंपवाल्याला बोलावलं. त्यानं ॲक्सिलेटरच्या रॉडवर हात ठेवला, ती पंपाकडे न जाता हवेच्या नळीकडे जाते हे बघून जरा थबकला, आणि मग म्हणाला, "पंप उतरवून द्या. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळंच गेलंय. १४,००० धरून चाला." पंपाच्या मागचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा नव्हतं. आबा म्हणाले, "आधी उघडून दाव, मग पैसं सांग." तो काही उघडेना. पण जाता जाता त्यानं हवेच्या झडपेजवळचा स्लोचा, म्हणजे रिकाम्या चालीचा, स्क्रू फिरवून ठेवला, तो का ते मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी मी स्वतःच झाकण खोललं. आत चामड्याचा डायफ्राम, म्हणजे पडदा, वाळलेल्या पायताणाच्या वादीसारखा कडक. वाकवला तर करकर वाजला, आणि कडेला नखाएवढी चीर होती. सगळा दोष त्या चिरेचा.

हे कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हवा आत जाते त्या वाटेवर एक फुलपाखरी झडप असते. आपण ॲक्सिलेटर हलवतो म्हणजे ती झडप हलवतो, डिझेल नाही. झडप मिटली की तिथं ओढ तयार होते, म्हणजे व्हॅक्युम. ती ओढ एका बारीक नळीतून पंपाच्या मागच्या बंद डबीत पोचते आणि डायफ्रामला मागं खेचते. डायफ्रामला रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, जोडलेला, म्हणून डिझेल कमी होतं. डबीतला स्प्रिंग मात्र रॅकला कायम जास्त डिझेलकडे ढकलत असतो. ओढ गेली की स्प्रिंग एकटाच उरतो आणि इंजिन पळत सुटतं. त्यामुळे इंजिन चालू असताना ही नळी कधीही काढायची नाही. कोणी म्हणालं "काढून बघू काय होतंय", तर त्याला ट्रॅक्टरपासून लांब करा.

तर रबरी डायफ्राम आणला, ३८० रुपयांचा, कापडावर रबर चढवलेला. तासाभरात बसवला. मळणी पूर्ण झाली, आणि काय सांगू, दोन वर्षांत गाडी अशी चालली नव्हती. काड जास्त पडलं की इंजिन क्षणभर घोगरं व्हायचं आणि लगेच आपल्या चालीवर यायचं. स्लोला चारही ठोके मोजता येत होते. ऊस वाहतुकीला डिसेंबरभर वापरला. हे लिहायला मी तेव्हाच बसलो असतो तर रबरी डायफ्राम डोळे झाकून घ्या असं लिहिलं असतं.

जानेवारीत हेलकावे सुरू झाले. सकाळी चालू केल्यावर ठीक, पण अर्धा तास चालून इंजिन तापलं की स्लोला उंऽऽम-उं, उंऽऽम-उं असं वर-खाली. ट्रॉली जोडून उतारावर क्लच सोडायचा म्हटलं की धक्का. हा आवाज माझ्या डोक्यात असा बसला की जेवतानाही ऐकू यायचा. मी सरळ रबराला दोष दिला. उष्णतेनं फुगलं असणार, हलका माल, असं शेजारच्या दोघांना सांगूनही टाकलं. फेब्रुवारीत ५२० रुपये घालून कोल्हापूरहून चामड्याचा आणला, तेल लावून मऊ केला, बसवला.

हेलकावे तसेच.

तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका म्हाताऱ्या पंप मिस्त्रींकडे गेलो. पंप नेला नव्हता, नुसता फोनवर आवाज भरून नेला होता. त्यांनी आवाज ऐकला आणि विचारलं, "अंगठा लावून बघितलास का?" मला काही कळलं नाही. मग त्यांनी बाकावरच्या एका पंपावर करून दाखवलं. इंजिन बंद असताना डबीवरची नळी काढायची. स्टॉपचा लिव्हर पूर्ण ओढून धरायचा. नळी काढलेल्या डबीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबायचा आणि मग लिव्हर सोडायचा. रॅक थोडासा परत येतो आणि थांबतो, अंगठ्याच्या कातड्याला ओढ जाणवते. तसाच थांबून राहिला तर डायफ्राम आणि डबी दोन्ही चांगली. हळूहळू सरकत आला तर कुठंतरी गळती. त्या माणसानं एक रुपया घेतला नाही. चहा मीच पाजला.

घरी येऊन केलं. चामड्याचा साठ आकडे मोजेपर्यंत जागचा हलला नाही. म्हणजे डायफ्राम निर्दोष, राहिली फक्त नळी.

आता या नळीबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण चामड्याच्या डायफ्रामचे माझे ५२० रुपये आणि कितीतरी दिवस तिच्यापायी गेले. मूळची नळी लोखंडी. मधे कधीतरी ती तुटली असणार आणि कुणीतरी वीतभर रबरी पाइपचा जोड दिलेला, दोन्ही बाजूंना क्लिप. दिसायला धडधाकट. हातानं दाबून बघितली, वाकवून बघितली, काही नाही. साबणाचं पाणी लावून उपयोग नसतो, कारण ही नळी हवा आत ओढते, बाहेर सोडत नाही. शेवटी नळी काढली, एक टोक बोटानं बंद केलं, दुसरं तोंडात धरलं आणि म्हशीच्या पाण्याच्या बादलीत बुडवून फुंकलं. क्लिपच्या खालून बुडबुडे आले, मोहरीएवढे, एकामागोमाग एक. क्लिप सोडली तर तिच्या पट्टीनं रबर गोलाकार कापलेलं होतं. गार असताना फट मिटायची, तापलं की उघडायची. ऑक्टोबरात डायफ्राम बदलताना नळी काढून लावली तेव्हा मीच क्लिप जास्त आवळली होती. ज्या रबरी डायफ्रामला गावात बोल लावत फिरलो त्याची काही चूक नव्हती.

नवी नळी टाकली, फूटभर जाड भिंतीची डिझेल पाइप, ६० रुपये, त्यातली वीतभरच लागली. पातळ पाइप घेऊ नका, ती ओढीनं आत चिमटते. चालू केली तर आणखी एक प्रकार: स्लोला इंजिन बंदच पडायला लागलं. पंपवाल्यानं फिरवून ठेवलेला तो स्क्रू तेव्हा आठवला. चामड्याच्या चिरेमुळे स्लो वर राहत होता, म्हणून त्यानं झडप जास्त मिटवून ठेवली होती. मधल्या काळात नळीची गळती होती म्हणून ते लपलं. गळती थांबल्यावर ओढ पुरेपूर मिळाली आणि डिझेल नको तितकं कमी झालं. स्क्रू पाऊण फेरा उलटा फिरवला, ठोका बसला. आबा ओसरीवरून म्हणाले, "आता आला जागेवर."

चामड्याबद्दल मार्चपर्यंत माझं मत फार चांगलं होतं, जुने मिस्त्रीही चामड्याचंच नाव घेतात. पण एप्रिलच्या उन्हात नांगरटीला ते पुन्हा कडक होऊ लागलं. ॲक्सिलेटर सोडला की रेस सावकाश उतरायची. पंधरा-वीस दिवसांनी खोलून हलकं इंजिन ऑइल चोळायचं, असं दोनदा केलं. ज्याला सवड आहे त्यानं चामडं जरूर वापरावं, चाल मऊ असते. माझ्याकडे तेवढी सवड नाही. मे महिन्यात मी कपाटातला तोच ३८० चा रबरी डायफ्राम धुऊन-पुसून परत बसवला. अंगठा लावला, साठ आकडे मोजले, रॅक हलला नाही. त्या दोन शेजाऱ्यांकडे जाऊन सांगूनही आलो की रबरी चांगला आहे, चूक माझी होती.

आज जूनचा पहिला आठवडा आहे. पेरणीआधीची मशागत झाली, सुमारे सत्तर तास काम झालं, हेलकावा एकदाही नाही. एक शंका अजून आहे: झडपेच्या दांड्याच्या बुशात किंचित खेळ लागतो, बोटानं हलवलं की जाणवतो. तिथून हवा ओढली जात असेल तर पुढच्या सुगीला बुश करून घ्यावा लागेल. ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे तेलातून हवा गाळणारा डबा, मात्र धुळीच्या दिवसांत मी आठवड्याला धुतो, कारण तो तुंबला की या इंजिनाचा दम जातो आणि माणूस परत पंपालाच दोष देत बसतो.

जुनी कापलेली नळी मी क्लिपसकट टूलबॉक्समध्ये ठेवली आहे. कोणी पंप उतरवा म्हणालं की तीच आधी त्याच्या हातात देतो.