बीएलडीसी पंखे: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा हिशेब (ठाणे, महावितरण)

घर नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतलं टूबीएचके, वीज महावितरणची. हॉलमध्ये एक आणि दोन बेडरूममध्ये एकेक, असे १२०० मिमीचे तीन बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे, कमी विजेवर चालणारे) पंखे मार्चच्या सुरुवातीला लावले. स्वयंपाकघरातला जुना पंखा मुद्दाम तसाच ठेवला. ब्रँड लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते जवळपास सगळ्याच पंख्यांना लागू पडतं.

निकाल आधीच सांगतो. पैसे वसूल होतात, पण दुकानदार सांगतो तितक्या लवकर नाही, आणि प्रत्येक खोलीत तर नाहीच. किती लवकर वसूल होतील हे पंख्यापेक्षा तुमचं बिल कुठल्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या कुठल्या पायरीवर, संपतं त्यावर जास्त ठरतं.

खोक्यावर वॉट छापलेले असतात, पण ते घरच्या मीटरवर तपासता येतात आणि त्याला वेगळं यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करा. फ्रीज, वायफायचा राउटर, पाण्याचा फिल्टर, सेटटॉप बॉक्स यांचे प्लग काढा, कारण हीच मंडळी हिशेब बिघडवतात. दिवा पूर्ण थांबला की एकच पंखा चालू करून दहा मिनिटं लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर आलेल्या आकड्याला १.८७५ ने गुणलं की वॉट मिळतात. मीटर १६०० चा असेल तर ३.७५ ने गुणायचं. पूर्ण वेगावर जुन्या पंख्याचे ४० आले, म्हणजे ७५ वॉट. नव्याचे १७, म्हणजे ३२ वॉट. फरक ४३ वॉटचा. इथपर्यंत जाहिरात खरी.

आता जाहिरातीत नसलेली गोष्ट. हा फरक फक्त पूर्ण वेगावर आहे. जुन्या पंख्याला कंडेन्सरचा, टकटक फिरणारा स्टेप रेग्युलेटर असेल तर वेग कमी केल्यावर त्याचीही वीज कमी होते. दोनवर जुना साधारण २८ वॉट घेत होता, नवा दोनवर ८ च्या आसपास. म्हणजे फरक ४३ वरून २० वर आला. जुना मोठा, हाताला गरम लागणारा खोकेवजा रेग्युलेटर असेल तर गोष्ट वेगळी. त्यात वेग कमी होतो, पण वाचलेली वीज रेग्युलेटर तापवण्यात जाते. अशा घरात नवा पंखा कुठल्याही वेगावर चांगली बचत देतो.

बिलाकडे येऊ. घरगुती दर पायऱ्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या पायरीचा वीज आकार ४.७१ रुपये, दुसरीचा १०.२९ आणि तिसरीचा १४.५५ होता. त्यात प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार, आणि सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथे धरलेला नाही. दर नंतर बदलले आहेत, तेव्हा आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करा. पद्धत तीच राहते.

वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या पायरीवरून कमी होतं. म्हणून महिन्याला ८०-९० युनिट जाळणाऱ्या घरात एका वाचलेल्या युनिटची किंमत २०२४-२५ च्या त्या दरांनी ६.८२ रुपये. २२०-२५० युनिटच्या घरात तेच युनिट १३.२९ रुपयांचं, आणि मे महिन्यात एसीमुळे ३५० च्या वर गेलेल्या घरात १८.२४ रुपयांचं. पंखा तोच, वारा तोच, पण बचत अडीचपटीहून जास्त. वन आरकेमध्ये एकट्याने राहणाऱ्या माणसाला बीएलडीसी घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला तो बहुधा परवडत नाही.

या घरात हॉलचा पंखा दिवसाला बारा तास आणि बेडरूमचे नऊ-नऊ तास चालतात. पूर्ण वेगाच्या महिन्यांत, म्हणजे मार्च ते जून आणि ऑक्टोबरचा उकाडा, तिन्ही मिळून महिन्याला ३९ युनिटच्या आसपास वाचतात. पावसाळ्यात तीनवर चालवले की २७ पर्यंत. फेब्रुवारी आणि नोव्हेंबरचे वीसेक, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पंखा एकवर किंवा बंदच, तेव्हा नऊ-दहा धरावेत. वर्षाचे साधारण ३३० युनिट होतात. दुसऱ्या पायरीच्या दराने ४,४०० रुपये.

तीन पंख्यांचे नऊ हजार आणि वायरमनची मजुरी धरली तर सव्वादोन वर्षं लागतात. पण जुना पंखा आवाज करतोय किंवा जळलाय आणि नवा घ्यायचाच आहे, तर साध्या पंख्याशी तुलना करा. तिथे जादा खर्च पंख्यामागे बाराशेच्या आसपास, आणि तो वर्षाच्या आत निघतो. त्यामुळे चांगला चालणारा पंखा उतरवायचाच असेल तर फक्त दिवसाला दहा-बारा तास फिरणारा. बाकीच्यांचा नंबर ते बिघडतील तेव्हा.

स्वयंपाकघराचं गणित बघा. तिथला पंखा दीड तास चालतो, कारण गॅस पेटला की तो बंदच करावा लागतो. महिन्याला दोन युनिट, म्हणजे सव्वीस-सत्तावीस रुपये. तीन हजारांचा पंखा नऊ वर्षांनी फिटेल, तोवर फोडणीच्या तेलकट वाफा पंख्यातल्या सर्किटवर बसणार ते वेगळंच. त्यापेक्षा दिवसरात्र चालू राहणारा सेटटॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करा. तो दहा वॉटचा असला तरी महिन्याला सात युनिट खातो, आणि बटण फुकट आहे.

बिल तपासताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, लोक मागच्या महिन्याशी तुलना करतात. मार्चशी मे कसा जुळणार? गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी जुळवा, आणि रुपये नको, युनिट बघा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच दिलेला असतो. दोन, बिलाचा काळ कधी अठ्ठावीस दिवसांचा, कधी तेहतीस दिवसांचा असतो. युनिटला दिवसांनी भागून मग ताळा घ्या.

दुकानात काय बघायचं? १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे. त्यावर वॉट, हवेचा पुरवठा आणि सर्व्हिस व्हॅल्यू असते. सर्व्हिस व्हॅल्यू म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले वॉट. लेबल सक्तीचं झालं तेव्हाच्या, २०२३ च्या नियमात १२०० मिमीच्या पंख्याला ती ६ किंवा जास्त असली की पाच स्टार मिळत. फसगत इथे होते. २६ वॉटचा पंखा २१० घनमीटर हवा देऊनही सर्व्हिस व्हॅल्यूमध्ये आठच्या वर जातो, कागदावर हिरो ठरतो, आणि मेच्या दुपारी पाच नंबरवरही अंगाला वारा लागत नाही. ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळवायला वाराच लागतो. आधी हवेचा आकडा बघा, २२० च्या खाली जाऊ नका, मग वॉट. ३२ ऐवजी ३५ वॉट असले तरी रोजच्या बारा तासांना महिन्याला एक युनिट जास्त जाईल, इतकंच.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचं काम रेग्युलेटर काढण्याचं. बीएलडीसी पंख्याचा वेग रिमोटच्या सांगण्यावरून त्याच्या आतलं सर्किट ठरवतं, त्याला सरळ पूर्ण व्होल्टेज हवं. रेग्युलेटर पाचवर ठेवून चालवता येतं, पण घरात कोणीतरी सवयीने तो फिरवतोच. मग सर्किटला कापलेली वीज मिळते, पंखा गुणगुणतो, मध्येच रिसेट होतो आणि आतला कंडेन्सर तापून लवकर जातो. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, बोर्ड उघडा. स्विचकडून रेग्युलेटरला येणारी आणि तिथून पंख्याकडे जाणारी, अशा दोन वायरी एकमेकींना जोडून टाका आणि मोकळ्या जागेवर कोरी प्लेट लावा. दहा मिनिटांचं काम आहे, पण वायरमनला सांगितल्याशिवाय तो करत नाही.

जुन्या इमारतीत आणखी एक तपासणी हवी. स्विच बंद केल्यावर पंख्याच्या वायरींना टेस्टर लावा. एखादी वायर तरीही पेटत असेल, तर स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर आहे. साध्या पंख्याला ते चालून जायचं. बीएलडीसीत मात्र स्विच बंद असतानाही सर्किटवर फेज येत राहतो, आणि साफसफाईला वर चढणाऱ्यालाही तो धोका. बोर्डातच वायरी बदलून घ्या.

जुनी दांडी नव्या पंख्याला लावू नका. बोल्टाची भोकं जुळत नाहीत आणि जुळवून घेतलं की पंखा डुलतो. पाती आणि स्लॅबमध्ये फूटभर तरी अंतर ठेवा, नाहीतर वर हवाच खेचली जात नाही आणि दोष पंख्याला जातो. स्लॅबमधला हूक गंजून पापुद्रे सुटत असतील तर आधी त्याचा बंदोबस्त. रबरी गुटका नवाच घ्या. स्प्लिट पिन आत गेल्यावर तिचे दोन्ही पाय वाकवलेत ना, हे दांडीवरचा झाकणाचा कप वर सरकवण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही मॉडेलमध्ये सर्किट त्या कपातच असतं, तिथे वायर दाबली जाणार नाही एवढी जागा सोडा.

पंख्याची मोटर सहसा जात नाही, सर्किट जातं. मेअखेरच्या वळवाच्या पावसात लाइट तीन-चारदा जाते-येते, आणि प्रत्येक वेळी येताना झटका देते. तीनपैकी एका पंख्याचं सर्किट जूनमध्ये असंच गेलं. वॉरंटीत बदलून मिळालं, पण माणूस यायला चांगलेच दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांसाठी माळ्यावरचा जुना पंखा चढवावा लागला. लक्षणं ओळखू येतात: रिमोटला बीप येतो पण पंखा फिरत नाही, किंवा पाती उजवीकडे-डावीकडे हिसके देऊन थांबते. आधी भिंतीवरचा स्विच मिनिटभर बंद ठेवून बघा, मग रिमोटचे सेल बदला, मग दुसऱ्या पंख्याचा रिमोट चालतो का बघा. तरीही नाही, तर सर्किट. घेताना वॉरंटीत सर्किट धरलंय का आणि रिमोटची वॉरंटी वेगळी व कमी आहे का, हे बिलावर लिहून घ्या. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (असे झटके अडवणारं उपकरण) बसवला तर फ्रीज, राउटरही वाचतात. मात्र त्याला नीट अर्थिंग लागतं, ते नसेल तर तो नुसता शोभेचा. तेवढा खर्च करायचा नसेल तर लाइट गेल्याबरोबर पंख्यांचे स्विच बंद करा आणि वीज स्थिर झाली की चालू करा.

याच कारणाने दुकानात एक प्रश्न जरूर विचारा: वीज परत आल्यावर पंखा आधीच्या वेगाने आपोआप सुरू होतो का? काही होतात, काही रिमोटची वाट बघतात. रात्री दोनला लाइट येऊनही पंखा बंदच, आणि अंधारात रिमोट शोधायचा, हे घरात आजी-आजोबा असतील तर फार त्रासाचं होतं. स्विच पटकन बंद-चालू करून वेग बदलणारी मॉडेल मिळतात, वयस्कर माणसांसाठी तीच बरी. रिमोटची खोबण बोर्डाशेजारी भिंतीला चिकटवा. एका खोलीत दोन सारखे पंखे असतील तर इन्फ्रारेड रिमोटने दोन्ही हलतात. तिथे जोडणी करता येणारा रेडिओ रिमोट घ्या.

बाकी अनुभव चांगला. व्होल्टेज पडलं तरी वेग टिकतो, संध्याकाळी साधा पंखा रेंगाळायचा तसं होत नाही. इन्व्हर्टर असेल तर तोही जास्त वेळ पुरतो. एक-दोनवर आवाज जवळजवळ नाही, पाचवर मात्र वाऱ्याचा आवाज साध्या पंख्याइतकाच. पंख्यावरचा दिवा रात्री डोळ्यात येतो, त्यावर काळी टेप. पात्यांच्या कडांवर धूळ बसली की वारा पडतो. घोडबंदर रोडच्या बाजूला, जिथे बांधकामं थांबतच नाहीत, तिथे पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पुसणं भाग आहे. पुसताना पाती खाली दाबू नका, कोन बदलला की पंखा डुलायला लागतो.

एसी लावणाऱ्यांसाठी: एसी २६-२७ वर आणि पंखा दोनवर. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगते, आणि पंख्याचे ८ वॉट त्यापुढे किरकोळ आहेत. हे जुन्या पंख्यानेही साधतं, म्हणून ती बचत बीएलडीसीच्या खात्यात टाकलेली नाही.

भाड्याच्या घरात लावत असाल तर उतरवलेले पंखे, त्यांच्या दांड्या आणि रेग्युलेटर पिशवीत घालून, कुठला कुठल्या खोलीचा ते लिहून माळ्यावर ठेवा. घर सोडताना मालकाचे पंखे परत चढवून आपले घेऊन जाता येतात, आणि तेव्हा बोर्डात जोडलेल्या त्या दोन वायरी सोडवून रेग्युलेटर पुन्हा बसवायला विसरू नका, नाहीतर मालकाचा पंखा कायम पाचवरच फिरेल.